चिमुकला तुतवार आणि त्याची धर्मशाळा

स्वीडनचा पंडित लिनीअस यानें इ. स. १७५८ मध्यें एका चिमुकल्या पाणपक्ष्याची नोंद केली. चोंच टोंकाशीं चमच्यासारखी चपटी, म्हणून त्यानें त्यास 'चमचा' नांवाच्या उंच पक्ष्यांच्या पंक्तीस बसविलें. मूलस्थान लिहिलें दक्षिण अमेरिकेंतील सुरिनाम. दोन्ही गोष्टी चुकीच्या ठरल्या. पक्षी तुतवारांच्या कुळांतला, चिमणीएवढा आणि आशियाचा रहिवासी.

रशियाच्या ईशान्य टोंकास चुकोत्का व कामचाटका येथें तो उन्हाळ्यांत अंडीं घालतो आणि थंडीपूर्वीं हजारों मैल उडून बांगला देश, ब्रह्मदेश व थायलंडच्या किनाऱ्यांवर उतरतो. वाटेंत पीतसमुद्राचा चिखल हीच त्याची धर्मशाळा. ओहोटी लागली कीं तेथील किडे व बारीक झिंगे टिपून तो पुढील प्रवासाचें बळ सांठवितो.

चिखल म्हणजे पडीक जागा, असें मात्र माणसानें मानलें. दक्षिण कोरियांत सेमांगुम येथें ३३ किलोमीटरांचा बांध २००६ मध्यें पुरा झाला व विस्तीर्ण चिखल समुद्रापासून तुटला. दक्षिणेच्या किनाऱ्यांवर पारध्यांचीं जाळीं होतींच. २००८ मध्यें हा पक्षी अतिसंकटग्रस्त ठरला. आज तो कांहीं शेंकड्यांतच उरला आहे.

२०११ मध्यें थोडे पक्षी इंग्लंडांत स्लिमब्रिज येथें नेऊन त्यांचा वंश राखण्याचा प्रयत्न सुरू झाला. २०१९ मध्यें पीतसमुद्राचा चीनमधील कांहीं किनारा जागतिक वारसा ठरला. या दुसऱ्या गोष्टीचें मोल अधिक. घरटें राखलें, पण वाटेवरची धर्मशाळा मोडली, तर वाटसरू घरीं पोंचावा कसा?