आगाऊ कर : स्वयंरोजगारितांचा हप्ता कमी करणे

आगाऊ कर (बोलण्यात ‘ॲडव्हान्स टॅक्स’) म्हणजे ज्या वर्षी उत्पन्न होते त्याच वर्षी, विवरणपत्र भरण्याआधी, अंदाजाने भरावयाचा आयकर. नोकरदाराचा कर पगारातूनच कापला जातो. दुकानदार, अडत्या, डॉक्टर, ठेकेदार यांना हिशेब स्वतःच करावा लागतो. टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १०,००० रुपये किंवा अधिक होणार असेल तरच ही जबाबदारी येते. हप्ते चार : १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत सगळा. धंद्याचे उत्पन्न नसलेल्या निवासी ज्येष्ठ नागरिकाला हा कर लागू नाही. गल्ल्यावर बसणाऱ्या सत्तर वर्षांच्या आजोबांना मात्र लागू आहे.

तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्याच्या नार्नूर मंडलात हे वेळापत्रक हंगामाशी जुळत नाही. इथला पैसा कापसाचा. १५ जूनला मृग चालू असतो. गावाचा पैसा बियाण्यात आणि खतात जातो आणि दुकानदाराचा माल उधारीवर सुटतो. १५ सप्टेंबरला कपाशी शेतात उभी असते. वेचणी दसऱ्याच्या आसपास सुरू होते आणि वसुली पुढे संक्रांत, होळीपर्यंत चालते. म्हणजे कायदा वर्षाचा ४५ टक्के कर मागतो तेव्हा वहीत विक्री दिसते, पण हातात रोकड नसते. हप्ता कमी करण्याचा प्रश्न इथे त्यामुळे कर चुकवण्यापेक्षा तारखांचाच जास्त आहे.

पूर्वपीठिका. उत्पन्न होत असतानाच कर घेण्याची पद्धत ब्रिटिश हिंदुस्थानात १९४४ साली, १९२२ च्या आयकर कायद्यात १८अ हे कलम घालून आली. नार्नूरचा मुलूख तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. भारतीय आयकर कायदा तिथे १ एप्रिल १९५० पासून लागू झाला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा तेव्हाच्या मुंबई राज्याकडे (आजच्या महाराष्ट्राकडे) आले, नार्नूर आंध्र प्रदेशात आणि २०१४ पासून तेलंगणात. सीमा ओलांडली की व्यवसाय कर आणि बाजार समितीचे नियम बदलतात. आगाऊ कराच्या तारखा मात्र सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या जिवतीत आणि नार्नूरात एकच. १९६१ च्या कायद्यातही बरीच वर्षे करदात्याला अंदाजपत्रक अधिकाऱ्याकडे द्यावे लागे. ती रीत १ एप्रिल १९८८ पासून गेली. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा अमलात आला, त्यात कलमांचे आकडे बदलले आणि ‘कर वर्ष’ हा शब्द आला. बाजारात मात्र छोट्या व्यापाराच्या कलमाला अजून ‘चव्वेचाळीस एडी’ असेच म्हणतात, म्हणून या नोंदीतही जुनेच आकडे ठेवले आहेत.

परवानगी लागते का? लागत नाही. इथेच सर्वांत जास्त गैरसमज आहे. हप्ता कमी करण्यासाठी अर्ज नाही, कारण हप्ता ठरवतो करदाताच. जूनमध्ये वाटले वर्षाचा कर ८०,००० होईल, त्याप्रमाणे १२,००० भरले. ऑगस्टमध्ये पाऊस लांबला, खताचा उठाव पडला आणि अंदाज ५०,००० वर आला, तर सप्टेंबरमध्ये ४५ टक्के म्हणजे २२,५०० पुरे व्हावेत एवढेच भरायचे : १०,५००. कोणाला कळवायचे नाही. अपवाद एकच. अधिकाऱ्याने कलम २१० खाली स्वतःहून आदेश काढून रक्कम मागितली असेल तर आपला कमी अंदाज नमुना २८अ मध्ये कळवावा लागतो. तरीही तिथे तो मंजूर होण्याची वाट पाहायची नसते.

ब्रिटनमध्ये याच्या उलट आहे. तिथे गेल्या वर्षीच्या कराचा अर्धा-अर्धा भाग ३१ जानेवारी आणि ३१ जुलैला भरायचा असतो, त्यामुळे उत्पन्न घटले तर ‘एसए ३०३’ हा नमुना भरून रक्कम कमी करून मागावी लागते. तिथे गेल्या वर्षाचा आकडा कायदाच धरतो. आपल्याकडे तो सवयीने धरला जातो. गेल्या वर्षीचे चलन काढून तोच आकडा पुन्हा भरणारे दुकानदार थोडे नाहीत. त्यांचा कर कमी होत नाही, याचे कारण त्यांनी तो मोजलेलाच नसतो.

एकच हप्ता. कलम ४४एडी (छोटा व्यापार) किंवा ४४एडीए (डॉक्टर, वकील, अभियंता इत्यादी) खाली अनुमानित नफा दाखवणाऱ्याला पहिले तीन हप्ते नाहीत. सगळा कर १५ मार्चपर्यंत एकदम. व्यापाऱ्यांना हा एकच हप्ता आर्थिक वर्ष २०१६-१७ पासून लागू झाला. कापसाच्या मुलखासाठी याहून सोयीची तारीख शोधून सापडणार नाही, कारण होळीच्या सुमारास वसुलीही झालेली असते आणि वर्षाचा आकडाही डोळ्यांसमोर असतो. ४४एडीची मर्यादा २ कोटींची उलाढाल. रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटी. नफा रोखीच्या विक्रीवर ८ टक्के आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर ६ टक्के धरतात. उधारीचे पैसे विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत बँकेतून आले तरी ६ टक्केच. प्रत्यक्ष नफा याहून जास्त दाखवायचा असेल तर तो जास्तीचा आकडा धरायचा. एकदा ही वाट धरून मध्येच सोडली तर पुढची पाच वर्षे परत येता येत नाही.

समजा, नार्नूरातले एक खत-बियाण्यांचे दुकान. उलाढाल १ कोटी ८० लाख. सगळी वसुली रोखीने झाली तर नफा १४,४०,००० आणि नव्या करप्रणालीत २०२५-२६ च्या दरांनी कर, उपकरासह, ९९,८४०. तीच वसुली बँकेतून झाली तर नफा १०,८०,०००. हे १२ लाखांच्या आत, म्हणून ६०,००० पर्यंतची सूट लागते आणि कर शून्य, आगाऊ करही शून्य. दुकान तेच, माल तोच, गिऱ्हाईकही तेच. हप्ता कमी करण्याचे याहून मोठे कायदेशीर साधन या भागात नाही, आणि त्यासाठी लागतो फक्त काउंटरवरचा क्यूआर कोड आणि थोडी चिकाटी.

पण इथे एक खाच आहे. दुकानदाराची शेतीही असते. शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे हे खरे, पण ते ५,००० च्या वर असेल आणि बाकीचे उत्पन्न ४ लाखांच्या वर असेल तर दर ठरवताना ते हिशेबात येते. वरच्याच माणसाला खर्च वजा जाता शेतीचे ३ लाख मिळाले असे धरू. १३,८०,००० वरचा कर ८७,०००, त्यातून ७ लाखांवरचा (शेतीचे ३ आणि करमुक्त मर्यादेचे ४) कर १५,००० वजा, उरले ७२,०००. सूट ६०,००० पेक्षा जास्त मिळत नाही. राहिले १२,०००, उपकरासह १२,४८०. ही रक्कम १०,००० च्या वर गेली, म्हणजे १५ मार्चचा हप्ता आलाच. ‘बारा लाखांपर्यंत काही नाही’ हे ऐकून निर्धास्त बसलेला माणूस नेमका इथे अडकतो.

एकच हप्ता कोणाला नाही? दलाली आणि अडतीच्या कमाईला ४४एडी लागत नाही, म्हणून कापसाच्या अडत्याला चारही हप्ते भरावे लागतात, आणि हंगामाचा फटका सर्वांत जास्त त्यालाच बसतो. मालवाहू गाड्यांच्या मालकाला अनुमानित नफ्याचे ४४एई हे कलम आहे, पण एका हप्त्याची सोय नाही. अडत्याच्या बाजूने एक गोष्ट आहे : दलालीवर कापला गेलेला टीडीएस (१ ऑक्टोबर २०२४ पासून २ टक्के) हप्त्याच्या हिशेबातून आधीच वजा करता येतो. त्यासाठी २६एएस (कापल्या गेलेल्या कराचा उतारा) आणि वार्षिक माहितीपत्रक मार्चमध्ये न पाहता प्रत्येक हप्त्याआधी पाहावे. कापायला हवा होता पण कापलाच नाही, असा टीडीएस वजा धरता येत नाही.

अनुसूचित क्षेत्राचा गैरसमज. नार्नूर पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात आहे आणि गोंड वस्ती मोठी. ‘आदिवासींना आयकर माफ’ असे इथे सर्रास ऐकू येते. ती माफी, कलम १०(२६), ईशान्येकडील ठरावीक प्रदेश आणि लडाख इथल्या अनुसूचित जमातींपुरती आहे. आदिलाबादच्या गोंड ठेकेदाराला किंवा बंजारा दुकानदाराला ती मिळत नाही. सांगोवांगीवर विसंबून हप्ते सोडले तर व्याज चुकत नाही.

अंदाज चुकला तर. हप्ता कमी पडला की कलम २३४सी प्रमाणे महिना १ टक्का व्याज. पहिल्या तीन हप्त्यांना ते तीन-तीन महिन्यांचे, शेवटच्याला एका महिन्याचे. कर १,००,००० असून १५ मार्चपर्यंत काहीच भरले नाही आणि त्या दिवशी सगळे भरले तर व्याज ४५०, १,३५० आणि २,२५० असे ४,०५० रुपये. जूनमध्ये १२ आणि सप्टेंबरमध्ये ३६ टक्के भरले असतील तर त्या दोन हप्त्यांचे व्याज माफ. धंदा त्याच वर्षी नव्याने सुरू झाला असेल तर उरलेल्या हप्त्यांत कर भरल्यावर मागच्यांचे व्याज नाही. ३१ मार्चपर्यंत ९० टक्केही भरले नाही तर कलम २३४बी प्रमाणे एप्रिलपासून वेगळे व्याज. उलट जास्त भरले तर सरकार परताव्यावर महिना अर्धा टक्काच देते, आणि परतावा एकूण कराच्या १० टक्क्यांच्या आत असेल तर तेही नाही. म्हणून अडत्याने दोन्हींकडचे आकडे मांडून पाहावेत : हंगामापूर्वी बाहेरून महिना दोन टक्क्यांनी पैसे उचलून जूनचा हप्ता भरण्यापेक्षा एक टक्का व्याज सोसणे स्वस्त पडते. हा सल्ला कोणी छापून देत नाही, हिशेब मात्र सरळ आहे.

भरणा. आयकर विभागाच्या संकेतस्थळावर ‘ई-पे टॅक्स’मधून, चलन तयार करून बँकेच्या खिडकीवरही भरता येतो. शेवटच्या दिवशी बँक बंद असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी भरलेले चालते (परिपत्रक ६७६, १४ जानेवारी १९९४). चलनात प्रकार निवडताना आगाऊ करासाठी १०० हा संकेतांक. ३०० निवडला तर ती रक्कम स्वयंनिर्धारण करात जाते आणि वेळेवर भरूनही हप्ता चुकल्याचे व्याज लागते.