उसनी वाणी

जयपूर १७२७ साली वसले. त्याच्या कितीतरी आधी शेजारच्या सांगानेरात दादू दयाळांचे शिष्य रज्जब यांनी अनेक संतांची वचने विषयवार लावून ‘सर्वंगी’ सिद्ध केली. प्रवचनकारास प्रसंगोचित पद तत्काळ सापडावे, अशी ही सोय. उसनवारीची पेढीच म्हणा ना! परंतु तीत नामदेवांची पदे आहेत, ती नामदेवांच्याच मुद्रेने. भाषा हिंदी झाली, नाव ढळले नाही.

देहूस निराळे घडले. सालोमालो तुकोबांचे अभंग स्वतःच्या नावावर खपवी, असे परंपरा सांगते; त्याच्यावरील तुकोबांचा संताप गाथेत आहे. हा संताप उसनवारीवर नव्हता. आरंभी तुकोबांनीही संतवचने पाठ करूनच कीर्तन केले होते.