डीव्हीडीची प्रत आणि रुंद पडदा : बिघडलेले चित्र मूळ आकारात कसे आणावे

जुन्या डीव्हीडीतील मालिका, चित्रपट अथवा घरच्या विवाह समारंभाचे चित्रीकरण संगणकावर उतरवून पेन ड्राइव्हच्या साहाय्याने नव्या दूरचित्रवाणी संचावर लावले असता माणसे बुटकी व स्थूल दिसतात, किंवा उंच आणि किडकिडीत भासतात, असा अनुभव अनेक घरांत येतो. बहुतेक वेळा मूळ तबकडीत दोष नसतो आणि संचही नादुरुस्त नसतो. चित्र कोणत्या आकारात उलगडावे ही सूचना प्रत करताना गहाळ झालेली असते, किंवा संचाने ती मानलेली नसते. हा दोष नेमका कोठे आहे हे ओळखल्यास बहुतांश प्रती पुन्हा मूळ आकारात पाहता येतात.

दोन चौकटींचा इतिहास

चित्राची रुंदी आणि उंची यांच्या प्रमाणास अ‍ॅस्पेक्ट रेशो अथवा रुंदी-उंचीचे गुणोत्तर असे म्हणतात. मूकपटांची चौकट ४:३ या प्रमाणाची होती. दादासाहेब फाळके यांचा १९१३ मधील 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट याच काळातील आहे. पुढे दूरचित्रवाणीनेही हीच चौकट स्वीकारली. भारतात १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत दूरचित्रवाणीचा प्रारंभ झाला, २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले आणि १९८२ मध्ये आशियाई क्रीडा स्पर्धांच्या वर्षी रंगीत प्रक्षेपण आले. या संपूर्ण कालखंडात पडदा ४:३ प्रमाणाचाच राहिला. २५ जानेवारी १९८७ पासून दाखवली गेलेली 'रामायण' ही मालिकाही याच चौकटीसाठी चित्रित झाली होती.

दरम्यान चित्रपटाने रुंद पडद्याची वाट धरली. गुरुदत्त यांचा १९५९ मधील 'कागज के फूल' हा भारतातील पहिला सिनेमास्कोप चित्रपट मानला जातो. सिनेमास्कोपमध्ये विशिष्ट भिंगाद्वारे रुंद दृश्य आडव्या दिशेने निम्मे आवळून फिल्मवर घेतले जाई व प्रक्षेपण यंत्रावरील दुसरे भिंग ते पुन्हा उलगडून पडद्यावर पसरवी. प्रक्षेपणाच्या वेळी हे भिंग लावले नाही, तर पडद्यावरील नायक-नायिका काठीसारखे दिसत. डीव्हीडीच्या प्रतीत घडते ते याहून फारसे वेगळे नाही.

हाय डेफिनिशन दूरचित्रवाणीसाठी जगभर १६:९ हे प्रमाण निश्चित झाले. जुनी ४:३ चौकट आणि सिनेमास्कोपची २.३५:१ चौकट यांच्या मधोमध बसणारे हे प्रमाण होय. नवी दिल्लीतील मंडी हाउस परिसरात कोपर्निकस मार्गावर मुख्यालय असलेल्या दूरदर्शनने २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने हाय डेफिनिशन प्रक्षेपण केले. घराघरांतील संचही त्यानंतर वेगाने रुंद होत गेले. मात्र अर्ध्या शतकाचे दृश्यसंचित ४:३ चौकटीतच राहिले.

तबकडीत नेमके काय असते

१९९६ मध्ये जपानमध्ये प्रथम बाजारात आलेल्या डीव्हीडीची रचना लक्षात घेतल्यास या घोटाळ्याचे मूळ सापडते. भारतात प्रचलित असलेल्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर प्रत्येक चित्र साधारणतः ७२० आडव्या आणि ५७६ उभ्या चित्रबिंदूंचे असते. चित्रपट रुंद असो वा मालिका ४:३ चौकटीतील असो, बिंदूंची संख्या तीच राहते. चित्र १६:९ मध्ये पसरावे की ४:३ मध्ये, हे सांगणारी एक लहानशी खूण चित्रासोबत नोंदवलेली असते. डीव्हीडी प्लेअर ती खूण वाचून चित्र उलगडतो.

प्रत करताना ही खूण हरवल्यास संच प्रत्येक बिंदू चौरस समजतो. ७२० भागिले ५७६ म्हणजे १.२५. वास्तविक ४:३ चित्रास १.३३ आणि १६:९ चित्रास १.७८ एवढे प्रमाण हवे असते. परिणामी जुनी मालिका किंचित अरुंद दिसते व ते सहसा ध्यानात येत नाही. रुंद चित्रपटातील माणसे मात्र सुमारे तीस टक्क्यांनी बारीक होतात.

अमेरिकेतील नातलगांकडून आलेल्या तबकड्या बहुधा एनटीएससी पद्धतीच्या असतात. त्यांतील चित्र ७२० बाय ४८० बिंदूंचे असते व त्याचे प्रमाण १.५ भरते. अशा तबकडीतील ४:३ चित्र खूण हरवल्यास उलट रुंद दिसते.

वर्तुळाची परीक्षा

दूरचित्रवाणीच्या जुन्या परीक्षण चित्रात मध्यभागी मोठे वर्तुळ असे. ते वाटोळे दिसले म्हणजे चित्राची भूमिती बरोबर आहे, असा तंत्रज्ञांचा साधा नियम होता. घरीही हाच नियम उपयोगी पडतो. प्रतीतील असे दृश्य शोधावे ज्यात भिंतीवरचे घड्याळ किंवा सायकलचे चाक अगदी समोरून दिसते. ओवाळणीचे ताट कॅमेऱ्याकडे तिरके धरलेले असते, त्यामुळे ते या कामी येत नाही. दृश्य थांबवून पडद्यावरील वर्तुळाची रुंदी व उंची मोजपट्टीने मोजावी आणि रुंदीला उंचीने भागावे.

उत्तर १ च्या जवळ आल्यास चित्र योग्य आहे. १.३३ आल्यास ४:३ चित्र १६:९ पडद्यावर ताणले गेले आहे. ०.७५ आल्यास रुंद चित्र ४:३ चौकटीत कोंबले गेले आहे. ०.७० आल्यास पाल पद्धतीच्या रुंद चित्राची खूण हरवली आहे आणि ०.९४ आल्यास त्याच पद्धतीच्या ४:३ चित्राची. एनटीएससी प्रतीत खूण हरवल्यास हे आकडे ४:३ चित्रासाठी १.१३ व रुंद चित्रासाठी ०.८४ येतात.

दोष शोधण्याचा क्रम

प्रथम संचाची मांडणी तपासावी. रिमोटवरील चित्राच्या आकाराचे बटण अथवा पिक्चर सेटिंगमधील पर्याय 'ऑटो' किंवा 'ओरिजिनल' यावर ठेवावा. अनेक संच प्रत्येक जोडणीसाठी ही मांडणी वेगळी लक्षात ठेवतात, त्यामुळे पेन ड्राइव्ह चालू असतानाच ती तपासणे योग्य ठरते. तबकडी डीव्हीडी प्लेअरवरून लावली जात असल्यास प्लेअरच्या मेनूतील टीव्ही टाइप हा पर्याय १६:९ असावा. जुन्या संचासाठी केलेली ४:३ ही निवड नवा संच आल्यावर बदलण्याचे अनेकदा राहून जाते.

त्यानंतर तीच फाइल संगणकावर व्हीएलसी प्लेअरमध्ये लावून पाहावी. तेथे चित्र योग्य व संचावर अयोग्य दिसल्यास खूण शाबूत आहे, परंतु संच ती वाचत नाही, असा निष्कर्ष निघतो. संगणकावरही चित्र बिघडलेले दिसल्यास खूण हरवली आहे किंवा चुकीची आहे. व्हीएलसीच्या व्हिडिओ मेनूतील अ‍ॅस्पेक्ट रेशो या पर्यायातून ४:३ व १६:९ आळीपाळीने निवडून योग्य प्रमाण ठरवता येते. अर्थात हा बदल केवळ पाहण्यापुरता असतो, फाइल तशीच राहते.

दुरुस्तीचे मार्ग

खूण हरवलेली असल्यास चित्राला हात न लावता ती पुन्हा लिहिता येते. एमकेव्हीटूलनिक्स या विनामूल्य प्रणालीत फाइल उघडून चित्रमार्ग निवडावा, प्रदर्शनाचे गुणोत्तर ४:३ किंवा १६:९ असे भरावे आणि नवी एमकेव्ही फाइल तयार करावी. चित्र पुन्हा संकुचित करावे लागत नसल्याने हे काम लवकर होते व दर्जा यत्किंचितही घटत नाही.

संचच खूण मानत नसल्यास चौरस बिंदूंची नवी प्रत करणे हा उपाय आहे. हँडब्रेकसारख्या प्रणालीत अ‍ॅनामॉर्फिक हा पर्याय बंद करून पाल पद्धतीच्या रुंद चित्रासाठी १०२४ बाय ५७६ आणि ४:३ चित्रासाठी ७६८ बाय ५७६ असे माप द्यावे. एनटीएससी तबकडीसाठी ही मापे अनुक्रमे ८५४ बाय ४८० व ६४० बाय ४८० अशी आहेत. या मार्गाने दर्जात थोडी घट होते, म्हणून मूळ प्रत पुसू नये.

काही जुन्या तबकड्यांत रुंद चित्रपट वरच्या व खालच्या काळ्या पट्ट्यांसह ४:३ चौकटीत बसवलेला असतो. असे चित्र नव्या संचावर चारही बाजूंनी काळ्या चौकटीत दिसते. येथे संचाचा 'झूम' हा पर्याय योग्य आहे. अन्यत्र मात्र तो टाळावा.

काळ्या पट्ट्या हा दोष नव्हे

४:३ चित्र रुंद पडद्यावर आणण्याचे तीनच मार्ग आहेत. दोन्ही बाजूंस काळ्या पट्ट्या ठेवणे, चित्र ताणणे अथवा वरचा-खालचा भाग कापून पडदा भरणे. पहिल्या मार्गात पडद्याचा चतुर्थांश भाग रिकामा राहतो, पण चित्र संपूर्ण व प्रमाणबद्ध दिसते. दुसऱ्यात प्रत्येक चेहरा एक तृतीयांशाने रुंदावतो. तिसऱ्यात चित्राच्या उंचीचा चतुर्थांश भाग नाहीसा होतो. रिकाम्या पट्ट्या खटकतात म्हणून पडदा भरण्याचा मोह होतो आणि नेमकी येथेच कायमची चूक घडते.

ताणलेले चित्र पुढे केव्हाही आवळता येते. कापलेला भाग परत मिळवता येत नाही. घरी लिहिलेल्या डीव्हीडीतील रंगद्रव्याचा थर उष्णता, प्रकाश व दमट हवा यांमुळे कालांतराने निकामी होतो. अशा वेळी मूळ तबकडी टाकून दिली व हाती केवळ कापलेली प्रत उरली, तर मंगलाष्टकांच्या वेळी मागे उभ्या असलेल्या आजोबांचे पागोटे किंवा सप्तपदीत चालणारी पावले पुढच्या पिढीस दिसणार नाहीत.

यास्तव तबकडी वाचता येत आहे तोवर तिच्यातील व्हिडिओ टीएस हा फोल्डर जसाच्या तसा जतन करावा. साध्या एकपदरी डीव्हीडीची क्षमता ४.७ जीबी असल्याने आजच्या साठवण साधनांवर हा भार किरकोळ आहे. या फोल्डरमध्ये आकाराची खूणही सुरक्षित राहते व पुढील सर्व प्रती त्यावरूनच कराव्यात.

घरच्या समारंभाच्या तबकडीची स्वतःपुरती प्रत करण्यात सहसा अडचण नसते. बाजारात विकल्या गेलेल्या अनेक तबकड्यांना मात्र संरक्षक कुलूप असते. प्रतिलिपी अधिकार अधिनियमात २०१२ च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम ६५अ नुसार, हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कारावासास व दंडास पात्र असा गुन्हा आहे, याचे भान ठेवणे आवश्यक आहे.