रंग गेले, रेघ उरली

रहिमतपूर स्टेशनवर तुम्ही उतरता तेव्हा साल असतं 1909. औंधला जायला बैलगाडी मिळते. फुफाट्यातून गाडी चालू लागते आणि बऱ्याच वेळाने समोर तो डोंगर दिसतो, माथ्यावर मूळपीठाची यमाई. गाडीवान विचारतो, "देवीला का, पावनं?" तुम्ही मान हलवता. खरं तर तुम्ही एका चित्रकाराला बघायला आला आहात. चित्रं काढणं त्याने सोडल्याला वीसेक वर्षं झाली आहेत.

गावात देवीच्या देवळाच्या सभामंडपाचं काम निघालंय. चुन्याची घाणी फिरते आहे, गवंडी ओळंबा सोडून भिंत तपासताहेत. कामाचा ठेका घेतलेला माणूस चाळिशीचा आहे, लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर. बेळगावात त्यांचा कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर करण्याचा छोटा कारखाना आहे. पण ती जागा नगरपालिकेला हवी आहे, तेव्हा बिऱ्हाड उठणार हे ठरलेलं. अशा दिवसांत मिळेल ते काम घ्यावं लागतं. हातातला नकाशा ते उजेडाकडे धरतात आणि बोटाने एक रेघ चाचपतात. त्या बोटाकडे नीट बघा, कारण त्याच्यासाठीच तुम्हाला आणखी मागे जायचं आहे.

मुंबई, 1885. जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या उंच खिडक्यांतून उजेड आत येतोय. ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींसमोर मुलं बसली आहेत. मुख्याध्यापक आहेत जॉन ग्रिफिथ्स, अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला विद्यार्थ्यांकडून करून घेणारे. तुमच्या शेजारी सोळा वर्षांचा लक्ष्मण, बेळगावजवळच्या गुर्लहोसूरचा. वडिलांचा या शिक्षणाला विरोध आहे, थोरले भाऊ रामूअण्णा पाठीशी उभे आहेत. कोळशाची कांडी हातात असते तोवर या पोराला अडवणारं कुणी नाही. छाया-प्रकाश बिनचूक, प्रमाण बिनचूक.

मग रंगांची पाळी येते आणि घात होतो. लक्ष्मणाला काही रंग एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नाहीत. आंशिक रंगांधळेपणा. पुरुषांत हा दोष बायकांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो आणि बहुधा जन्मतःच असतो. सहसा लाल आणि हिरवा यांची गल्लत होते, निळा शाबूत राहतो. डाळिंबाचं फूल आणि त्याचं पान, हिरव्या लुगड्याचा लाल काठ, सगळं एकमेकांत मिसळून मातकट होतं. यावर औषध नाही. मेहनत दुप्पट केली तरी उपयोग नाही. वडिलांचा विरोध पत्करून जी वाट धरली ती आपल्याच डोळ्यांपाशी येऊन बंद झालेली, आणि वय अजून विशीच्या आतलं. तुम्हाला त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटतो, पण काळाच्या या प्रवासात ते जमत नाही. नुसतं बघता येतं.

वेदना म्हटली की आपल्याला रडवेला चेहरा, लाल-काळे फटकारे, फ्रीडा काहलोने रंगवलेला खिळे टोचलेला स्वतःचा देह आठवतो. पण दुःख तेवढ्याच वाटेने कॅनव्हासवर येतं असं कुणी ठरवलं? पॅरिसमध्ये शार्ल मेर्यों नावाचा एक नाविक चित्रकार व्हायला निघाला होता. तोही रंगांधळा. रंग नाहीत म्हटल्यावर त्याने तांब्याच्या पत्र्यावर सुईने रेघा कोरायला घेतल्या, आणि 1850 नंतरच्या काही वर्षांत जुन्या पॅरिसची अशी काळी, अस्वस्थ दृश्यं छापली की आज ती त्या शतकाच्या श्रेष्ठ एचिंगांत मोडतात. पुढे त्याचं मन ढासळलं, वेड्यांच्या इस्पितळातच तो 1868 साली गेला. त्या काळोखात त्याचं सगळं दुखणं आहे, आणि त्यात एकही रंग नाही.

लक्ष्मणरावांनीही रेघच धरली. ते यांत्रिक आरेखनाकडे वळले आणि मुंबईतल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. त्या वर्गात एक तास बसाच. फळ्यावर ताणून बसवलेला कागद, टी-स्क्वेअर, गुण्ये, कंपास. शाईची आखणीची लेखणी म्हणजे दोन पोलादी पाती आणि मधे एक बारीक स्क्रू. पात्यांमध्ये शाईचा थेंब सोडायचा, रेघ किती जाड हवी ते स्क्रू फिरवून ठरवायचं आणि श्वास रोखून हात एकाच वेगाने ओढत न्यायचा. मधे थांबलात तर शाईचा डाग पडतो आणि दिवसभराचं काम वाया जातं. इथे लाल-हिरव्याचा प्रश्नच येत नाही. रेघ सरळ आहे की नाही, एवढंच विचारलं जातं. मला हे हरलेल्या माणसाचं मन रमवणं वाटत नाही. ज्या हाताला चित्र काढू दिलं नाही, त्या हाताने इथे आपली सगळी आस ओतली आहे.

तिथेही मोकळं आकाश नव्हतं. बढतीची वेळ आली तेव्हा ती एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला भावाकडे गेले. तिथे केलेले नांगर शेतकरी घेईनात, लोखंडाने जमीन नासते अशी त्यांची समजूत होती.

आता औंधला परत या. कामावर देखरेख करणाऱ्या या माणसाला हेरलंय बाळासाहेबांनी, म्हणजे भवानराव पंतप्रतिनिधींनी. याच सुमारास ते औंध संस्थानच्या गादीवर येताहेत, आणि ते स्वतः चित्रकार आहेत. रामायणावर पुढे ते एक अख्खी चित्रमाला काढणार आहेत. रंगांत रमलेला राजा आणि रंग गमावलेला कारागीर यांची गाठ सातारच्या या माळावर पडावी, हा योग मला फार मोलाचा वाटतो. बाळासाहेब लक्ष्मणरावांना संस्थानात कुंडलजवळ जागा देऊ करतात.

1910. कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर जमीन, आजच्या सांगली जिल्ह्यातली. निवडुंग माजलेला, सापांचा सुळसुळाट, प्यायला पाणी नाही. कामगार आणि त्यांच्या बायकापोरांसह लक्ष्मणराव तिथे उतरतात. निवडुंग तोडून झाल्यावर जमिनीवर रस्ते आखले जातात, घरांच्या ओळी पडतात, झाडं लावली जातात. किर्लोस्करवाडी उभी राहते ती आरेखन करणाऱ्याच्या शिस्तीने, आणि तुम्ही मघाशी मुंबईच्या वर्गात पाहिलेला हात इथे मैलभर लांबीच्या रेघा ओढताना दिसतो.

औंधच्या आसऱ्याला ब्रश बाजूला ठेवलेली आणखीही माणसं आली. पंडित सातवळेकर हे जे. जे.त शिकलेले, हैदराबाद आणि लाहोरमध्ये चित्रशाळा चालवलेले चित्रकार. त्यांनी औंधला स्वाध्याय मंडळ मांडलं आणि उरलेलं आयुष्य वेदांना दिलं. त्यांच्याकडे लाहोरला चित्रकला शिकलेले शंकरराव किर्लोस्कर, लक्ष्मणरावांचे पुतणे, 1920 साली वाडीहून 'किर्लोस्कर खबर' हे मासिक काढू लागले आणि आपली व्यंगचित्रं त्यात छापू लागले.

शेवटचा मुक्काम 1938 चा. डोंगरावर बाळासाहेबांनी बांधलेलं श्रीभवानी संग्रहालय नुकतंच उभं राहिलंय. राजा रविवर्म्याच्या 'सैरंध्री'पाशी तुम्ही थांबता. राणीची दासी होऊन अज्ञातवासाचं वर्ष काढणारी द्रौपदी; तिचं दुःख रविवर्म्याने तिच्या अंगावरच्या रंगांतून सांगितलं आहे. चित्रासमोर उभं राहिलं की ते लगेच भिडतं, समजावून सांगावं लागत नाही. इथे धुरंधर, बाबूराव पेंटर, माधव सातवळेकर यांचीही चित्रं आहेत. लक्ष्मणरावांचं दुःख असं समोर येत नाही, ते फाळाच्या वळणात आणि वाडीच्या सरळ रस्त्यांत शोधावं लागतं. म्हणून माझी एक मागणी आहे. 'सैरंध्री'च्या शेजारच्या भिंतीवर लोखंडी नांगराचा एक नकाशा चौकटीत घालून लावावा, आणि खाली लिहावं: लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर, चित्रकलेचे विद्यार्थी, जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, 1885.