वॉलपेपर, स्क्रिप्टने बदलणे

संगणकाच्या डेस्कटॉपमागचे चित्र माउसला हात न लावता, टर्मिनलमध्ये टाइप केलेल्या किंवा स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवलेल्या आज्ञेने बदलण्याची रीत. एमएस-सीआयटीच्या वर्गात शिकलेल्या पिढीला हे काम राइट क्लिकचे म्हणून माहीत आहे, आणि एका संगणकापुरते तेच सोपे. संग्रामपूरसारख्या तालुक्याच्या गावी वीस संगणकांची लॅब असेल आणि रोज सकाळी प्रत्येक पडद्यावर तालुक्यातल्याच अंबाबरवा अभयारण्याचे वेगळे छायाचित्र हवे असेल, तर मात्र स्क्रिप्टला पर्याय नाही.

आज्ञा सहसा स्वतः चित्र लावत नाही. ती एका नोंदीत चित्राचा पत्ता लिहिते. पडदा रंगवणारा प्रोग्रॅम वेगळाच असतो. स्क्रिप्ट चुकते ती बहुधा या दोघांच्या मध्ये.

लिनक्सवरील ग्नोम डेस्कटॉपमध्ये ही नोंद ‘जीसेटिंग्ज’ आज्ञेने ‘पिक्चर-यूआरआय’ या किल्लीत लिहितात. २०२२ च्या ग्नोम ४२ पासून गडद रूपासाठी ‘पिक्चर-यूआरआय-डार्क’ ही दुसरी किल्ली आली. जुनी स्क्रिप्ट पहिलीच बदलते. गडद रूप चालू असेल तर आज्ञा बिनतक्रार चालते आणि पडदा ढिम्म हलत नाही. चित्र कसे बसवायचे ते तिसरी किल्ली ठरवते. तिच्यातल्या ‘वॉलपेपर’ या पर्यायाचा अर्थ मात्र फरशीसारखे तुकडे जोडणे असा आहे! फोल्डरमधून कोणतेही एक चित्र उचलायला ‘शफ’ ही आज्ञा पुरते.

वेळापत्रकाने आज्ञा चालवणाऱ्या ‘क्रॉन’कडे हे काम सोपवले की खरी अडचण येते. हाताने चालवलेली स्क्रिप्ट चालते, क्रॉनमधली चालत नाही. कारण क्रॉन वापरकर्त्याच्या डेस्कटॉप सत्राबाहेर असतो आणि त्या सत्राच्या डी-बस या निरोपमार्गाचा पत्ता त्याला ठाऊक नसतो. तो पत्ता स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच लिहून द्यावा लागतो. उबुंटूवर पहिल्या वापरकर्त्याचा क्रमांक सहसा १००० असतो आणि तोच या पत्त्यात येतो. ग्नोमऐवजी साधा विंडो मॅनेजर असेल, तर ‘फेह’ हा प्रोग्रॅम चित्र थेट पडद्यावर लावतो आणि पुढच्या वेळेसाठी ती आज्ञा एका लपलेल्या फाइलीत जपून ठेवतो.

विंडोजमध्ये रजिस्ट्रीतली नोंद बदलली तरी पडदा लगेच बदलेलच असे नाही. पॉवरशेलमधून ‘सिस्टिम पॅरामीटर्स इन्फो’ या फंक्शनला २० हा क्रमांक देऊन हाक मारावी लागते. विंडोज एक्सपीमध्ये या मार्गाने जेपीजी चित्र चालत नसे, बीएमपीच लागे.

मराठी वापरकर्त्याला आणखी एक काम पडते, ते फाइलीच्या नावाचे. ग्नोम मागतो तो पत्ता यूआरआय स्वरूपाचा. त्याच्या नियमाप्रमाणे देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह तीन अक्षरांत लिहायचा. ‘संग्रामपूर’मध्ये अनुस्वार, हलन्त आणि मात्रा धरून दहा चिन्हे आहेत, म्हणजे एवढ्याशा नावाची नव्वद अक्षरे होतात. हे रूपांतर पायथनची एक ओळ करून देते. विंडोजच्या बॅच फाइलीत मराठी नाव असेल तर आधी ‘सीएचसीपी ६५००१’ ही ओळ घालून कोडपेज यूटीएफ-८ वर आणतात, नाहीतर नावाच्या जागी कचरा वाचला जाऊन फाइल सापडत नाही.