एकरागणिक मत

चँडलरमध्ये तुमचं घर असेल आणि छपरावर सोलर पॅनेल बसवायचा विचार असेल, तर कंत्राटदाराचं कोटेशन हातात घेण्याआधी थोडा इतिहास वाचा. तो सुरू होतो १९०३ मध्ये, चँडलर गाव वसण्याच्या नऊ वर्षं आधी.

सॉल्ट नदीच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांना धरण हवं होतं. फेडरल सरकार पैसे द्यायला तयार होतं, पण तारण मागत होतं. शेतकऱ्यांनी संघ काढला, जमिनी तारण ठेवल्या आणि १९११ मध्ये रूझवेल्ट धरण पूर्ण झालं. ज्याची जमीन जास्त त्याची जोखीम जास्त, म्हणून मतंही एकरांच्या प्रमाणात. त्या काळाच्या हिशेबात हे रास्तच होतं. (आपल्या सहकारी साखर कारखान्यांत मात्र शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. तिथलं राजकारण वेगळ्या वाटांनी शिरतं, तो भाग निराळा.)

धरणावर वीजही तयार होई. ती विकून पाण्याचा खर्च भागवायचा, असा मूळ बेत. हाच संघ आणि १९३७ मध्ये त्याला जोडून निघालेला वीज-जिल्हा मिळून आजचा सॉल्ट रिव्हर प्रोजेक्ट, म्हणजे एसआरपी. चँडलरच्या बहुतेक घरांत वीज त्याचीच. शेतांच्या जागी घरं आणि इंटेलचे कारखाने आले, पण एकरांची मतं राहिली. १९८१ मध्ये 'बॉल विरुद्ध जेम्स' खटल्यात सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी ती वैध ठरवली. पाणी हे मुख्य काम आणि वीज दुय्यम, असा बहुमताचा सूर होता. मला अल्पमतातल्या चौघांचं म्हणणं जास्त पटतं.

आता पॅनेलकडे येऊ. फेब्रुवारी २०१५ मध्ये एसआरपीने नव्या सोलर ग्राहकांवर 'डिमांड चार्ज' लावला. म्हणजे एकूण युनिटांबरोबरच, गर्दीच्या वेळेत तुम्ही एका दमात जास्तीत जास्त किती वीज ओढलीत त्याचेही पैसे. सरासरी बोजा महिन्याला सुमारे ५० डॉलर सांगितला गेला. सोलरसिटी कोर्टात गेली. २०१८ मध्ये तडजोड झाली. एसआरपीचा युक्तिवाद पोकळ नव्हता: सूर्य मावळल्यावरही चँडलरचे एसी चालूच असतात, आणि तारा-खांबांचा खर्च कुणीतरी द्यायचाच. पण तो कुणी द्यायचा, हे ठरवलं कुणी? राज्याच्या कॉर्पोरेशन कमिशनचा या दरांवर अधिकार नाही. दर ठरवतं एसआरपीचंच संचालक मंडळ. त्यातल्या चौदापैकी दहा जागा एकरांवर निवडल्या जातात आणि चारच जागांना जमीनमालकागणिक एक मत. पाव एकराच्या प्लॉटला पाव मत. भाडेकरूला काहीच नाही. एच-वन-बीवर राहून घर घेतलेल्यालाही नाही, कारण ॲरिझोनाचा नोंदणीकृत मतदार असावं लागतं. बिल मात्र सगळ्यांना.

पॅनेल घेणारच असाल, तर दुपारीच घर थंड करून ठेवा आणि संध्याकाळी एसी, ड्रायर आणि ओव्हन एकदम लावू नका. आणि नागरिक असाल, घर जुन्या संघाच्या हद्दीत असेल, तर टपाली मतपत्रिका आधीच मागवा. ही निवडणूक सम वर्षांच्या एप्रिलमध्ये होते. नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर ती शोधूनही सापडणार नाही.