शेलमधील परिसर-चले

परिसर-चल (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) : शेलमध्ये नाव देऊन ठेवलेले आणि त्या शेलने सुरू केलेल्या प्रक्रियांना वारशाने मिळणारे मूल्य. ही सोय १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्सबरोबर आली, त्याच आवृत्तीत स्टीव्हन बोर्न यांचा शेल होता (⟶ युनिक्स, बॅश).

बोर्न-वंशीय शेलमध्ये नुसते नेमलेले नवे चल खासगी राहते. ‘एक्सपोर्ट’ केल्यावरच ते पुढच्या प्रक्रियांना दिसते. अशा चलाला सार्वत्रिक म्हणण्याचा प्रघात आहे, पण तो काटेकोर नाही. अपत्य-प्रक्रियेला मूल्याची केवळ प्रत मिळते. तिने केलेला बदल जनक शेलपर्यंत परत येत नाही. ‘टीझेड=यूटीसी डेट’ या आज्ञेत कालक्षेत्राचा बदल त्या एका आज्ञेपुरताच असतो. नवे चल खासगी ठेवण्यापेक्षा सगळीच चले निर्यात करणे सोयीचे, असा आक्षेप घेतला जातो. ‘पाथ’ किंवा ‘होम’ यांच्याबाबतीत तो रास्त आहे, गुप्तशब्दांबाबत नाही. गुप्तशब्द आज्ञावलीत लिहिण्यापेक्षा परिसरात ठेवणे बरे, हे खरे. तरीही तो प्रत्येक अपत्याकडे आपोआप जातो आणि लिनक्सवर त्याच वापरकर्त्याच्या इतर प्रक्रियांना ‘प्रॉक’ निर्देशिकेतून सहसा वाचता येतो. २०१४ मध्ये उघड झालेल्या ‘शेलशॉक’ दोषात तर बॅश परिसर-चलातील फलन-व्याख्येपुढचा मजकूर आज्ञा म्हणून चालवीत असे (⟶ संगणक सुरक्षा). त्यामुळे खासगी हीच मूळ स्थिती ठेवून गरजेपुरती निर्यात करणे अधिक सयुक्तिक ठरते. बॅशमध्ये ‘एक्सपोर्ट -एन’ने निर्यात थांबते, मूल्य मात्र राहते, ‘अनसेट’ने चलच नाहीसे होते.